आरसे नसलेला वॉर्ड

१० जानेवारी १९७२, सोमवार

आले बाई एकदाची नागपूरला! कुहीहून सकाळच्या एसटीने निघाले, आईने बांधून दिलेली भाकर स्टँडवरच खाल्ली, मग सायकलरिक्षा. रिक्षावाला सारा रस्ता लढाईच्याच गोष्टी सांगत होता.

लढाईत भाजलेल्या विमानवाल्यांसाठी घेतलेला हा मोठा बंगला आहे. खाली वॉर्ड, मागे आम्हा नर्सांच्या खोल्या. माझ्या खोलीला स्वतःची खिडकी आहे, बाहेर कडुनिंब! पास झाल्यावरची पहिलीच नोकरी. बाबांनी एव्हाना गावभर सांगितलं असेल.

मोठ्या सिस्टर यमुताई कडक वाटल्या, पण चहा स्वतःच्या हाताने दिला. मग माझ्या पर्समधला छोटा आरसा मागून घेतला. इथे आरसा नसतो म्हणाल्या. न्हाणीत नाही, कपाटाला नाही. खिडक्यांच्या काचासुद्धा खालून पांढऱ्या रंगवल्या आहेत. पेशंटना आपलं तोंड अवचित दिसू नये म्हणून.

१३ जानेवारी

काम शिकते आहे. आमचे कर्नलसाहेब आधीच्या मोठ्या लढाईत विलायतेला हे शिकले. पेटलेल्या विमानातून समुद्रात पडलेल्यांच्या जखमा जास्त चांगल्या भरायच्या, हे तिथल्या डॉक्टरांच्या ध्यानात आलं. म्हणून आम्हीही रोज सकाळी पेशंटला कोमट मिठाच्या पाण्यात बसवतो. पट्टी ओढावी लागत नाही, आपसूक सुटते. एकाच्या दंडाची कातडी वळकटी करून नाकाला जोडली आहे. ती तिथे जीव धरेपर्यंत हात तोंडाशी बांधलेला. तरी बिचारा गाणी म्हणतो.

साहेबांनी आज आम्हा नव्या मुलींना समोर बसवून सांगितलं, की मलम कोणीही लावेल. पट्टी सुटल्यावर पेशंट पहिल्यांदा तुमचा चेहरा बघतो. त्याला तिथे जे दिसेल, तसा तो पुढे जगेल.

१८ जानेवारी

कोपऱ्यातल्या खाटेवर सार्जंट रुपराव आहे, रामटेककडचा. सामानाच्या विमानात इंजिनियर होता. उतरताना विमान पेटलं. हा बाहेर पडला होता, दोघांना काढायला परत आत गेला. एकाला काढलं. तोंडाला सगळी पट्टी, पण बोलतो फार. माझं बोलणं ऐकून लगेच ओळखलं. "कुहीकडची काय वं तू?"

रविवारी त्याचे वडील यायचे आहेत. त्याच दिवशी पट्टी निघणार. मला म्हणाला, "पहिले तू पाह्य. मंग खरं सांग मले, माह्या बापाले पाहवन का."

मी हो म्हटलं. हसत म्हटलं.

२३ जानेवारी, रविवार

मी मान फिरवली.

पट्टी पाण्यात सुटली, मी पाहिलं, आणि तोंडातून "अगं आई" निघालं. क्षणभरच. लगेच वळून पाहिलं, पण तोवर त्याला त्याचं उत्तर मिळालं होतं. "समजलं वं," एवढंच बोलला. मग म्हणाला, बापाले सांग, झोपला म्हणून.

मी यमुताईंना बोलवायला हवं होतं. नाही बोलावलं. फाटकाशी गेले. त्याचे वडील, धोंडबा, उकडलेल्या तुरीच्या शेंगा फडक्यात बांधून उभे होते. म्हणाले, "उठवत नाही मी त्याले. दुरूनच पाह्यतो." मी सांगितलं, परवानगी नाही.

परवानगी होती. त्या खाटेशी मला पुन्हा उभं राहायचं नव्हतं, म्हणून.

त्यांनी शेंगा माझ्या हातात दिल्या. मला म्हणाले, तूही खाय बाई.

२६ जानेवारी

रुपराव गेला. रक्तात विष भिनलं, साहेब म्हणाले. रविवारपासून तो भिंतीकडे तोंड करून होता, पाणीही घेतलं नाही. पेटी खिळे ठोकून बंद करून गावी पाठवली. म्हणजे बापाला शेवटीही पाहता आलं नाही.

यमुताईंनी विचारलं, रविवारी काही झालं होतं का. मी नाही म्हटलं.

३० जानेवारी

दूधवाला माझ्याकडे न पाहता दूध घालतो. यमुताई बोलतात, पण नजर माझ्या ॲप्रनवर. आज नाकाला दंड बांधलेल्या पेशंटची पट्टी बदलायला गेले, तर मला पाहून त्यानेच डोळे मिटून घेतले. त्याने!

त्यांना कळलं असावं. लाज वाटते, जेवण जात नाही.

२ फेब्रुवारी

इतवारीच्या बाजारात गेले होते, दुपारी. एका बाईच्या खांद्यावरचं लेकरू मला पाहून किंचाळलं, थांबेचना. हातगाडीवाल्याने "बाजू बाजू" म्हणत वर पाहिलं आणि गाडी तशीच सोडून मागे सरला. भांड्यांच्या गल्लीत दोन्हीकडे चकचकीत ताटं, परातीच पराती — मी खाली मान घालून पळत आले. बघायची हिंमत झाली नाही.

बोटांनी चाचपलं. नाक आहे. पापण्या आहेत. फक्त बोटं लागतात ते गालाला कळत नाही —

४ फेब्रुवारी

यमुताईंकडे माझा आरसा मागितला. इथे आरसा नसतो, म्हणाल्या. अगदी हळू, पेशंटशी बोलतात तशा. मग न मागता पट्टीचा गुंडाळा माझ्या हातात ठेवला —

आई, मला घरी ने.

६ फेब्रुवारी, रविवार

धोंडबा आलेत. रुपरावची ट्रंक न्यायला. मीच दिली पाहिजे, मीच सांगितलं पाहिजे, म्हणून पट्टी न बांधता ओसरीवर गेले —

त्यांनी मान फिरवली नाही.

पाहत राहिले. जवळ आले. खरखरीत हात माझ्या गालावर ठेवला. तो मात्र मला कळला.

"कोण म्हणे तू गेला म्हणून? काहून लपून राहिला बापापासून? मले काही भेव नाही वाटत. घरी चाल गा, रुपराव."

मी बोलायला हवं होतं. पण ते पाहत होते. इतक्या दिवसांत कोणी पाहिलं नव्हतं —

आत आले आहे, ट्रंक घ्यायला. ते पायरीवर बसलेत. हाका मारून राहिलेत. मी खिडकीतून सांगणार होते, बाबाजी, तो जागा होता, त्या दिवशी तो जागा होता. तोंड उघडलं आणि —

"आलो, बा."

हा आवाज माझा — नाही, सांगते, आत्ता सांगते, ट्रंक ठेवून आधी सांगते, की त्या रविवारी मी