निघूनच राह्यलो

मंगळवार, संध्याकाळ. ब्रह्मपुरी

जीपवाल्यांच्या संघटनेला सीट बुक करायचं ॲप हवंय, ते मी बनवतोय. उद्या संघटनेच्या अध्यक्षभाऊंना ॲपच्या स्क्रीन काढून दाखवायच्या आहेत. एकही काढली नाही. आधी स्टँडवर चहा घेत बसलो, कान उघडे ठेवून.

नागभीडच्या जीपमध्ये एक बाई बसलेल्या. नागभीडहून त्यांना रेल्वे धरायची होती.

"कवा निघता, भाऊ?"

ड्रायव्हर कप खाली न ठेवता म्हणाला, "निघूनच राह्यलो, बाई."

तिसऱ्यांदा तेच ऐकून बाई म्हणाल्या, "तुमी निघून नाई, चहा पिऊन राह्यले." सगळे हसले. तोवर समोरून नागभीडची एसटी निघून गेली. बाईंची रेल्वेही चुकलीच असणार. सीट मात्र होती. खिडकीची.

मी ड्रायव्हरला विचारलं, खरंच केव्हा निघणार?

"मले कुठी माहीत हाय, भाऊ? भरली का निघतो."

तेवढ्यात त्याला एका प्रवाशाचा फोन. आवाज माझ्यापर्यंत आला: "गाडी निघाले लागली का सांगजो, मंग घरून निघतो."

"निघूनच राह्यलो, ये."

म्हणजे गाडी माणसांसाठी थांबलेली आणि माणसं गाडीसाठी. मग मी सीट कशाला बुक करून देतोय? बाईंना तर खिडकी मिळाली होती. नेमकं अडलंय कुठे? हे बोललो तर काम हातचं जाईल कदाचित. तरी विचारायचंच.

अध्यक्षभाऊंना तिथूनच फोन लावला. म्हटलं, काही काढायच्या आधी स्टँडवर येऊन एकदा बघा.

म्हणाले, "निघूनच राह्यलो."

वाट पाहून शेवटी मीच घरी आलो.