अप्पांचा चोरकप्पा

ता. ३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आठ महिने पत्र नाही, माफ कर. निमित्तं शोधली तर सापडतील, पण खरं कारण आळस. आज मात्र रागानं लिहायला बसवलं आहे.

कॉलेजच्या मुलींना घेऊन कलावस्तूंच्या त्या मोठ्या संग्रहालयात गेले होते. चार मजले नुसत्या खुर्च्या, पडदे, कुलपं, चिनी मातीची भांडी. एक मुलगी म्हणाली, मॅडम, हे तर श्रीमंतांच्या माळ्यावरचं सामान. हसत तिसऱ्या मजल्यावर गेलो, तर काचेपलीकडे अप्पांनी घडवलेली शिंपल्याच्या जडावाची पेटी. अप्पा गेल्यावर काकांनी दुरुस्तीला म्हणून नेलेली तीच, बावीस खणांची. पाटीवर काकांचं नाव आणि 'स्वहस्ते घडवलेली'. शेजारच्या पडद्यावर चित्रफीत चालू होती, तीत काका हातात पटाशी धरून बोलत होते. पटाशी उलटी धरली होती. जन्मभर दुकानात पुढे बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारल्या, आणि आता आयत्या बिळावर नागोबा.

पण ऐक. काका सांगतात, तळाची वेलबुट्टीची पट्टी भरीव आहे, नुसती शोभेची. म्हणजे त्यांना चोरकप्पा माहीतच नाही. खालच्या रांगेतला डावा खण अर्धा ओढून उजवा आत दाबायचा, हे आता आपल्या दोघांनाच ठाऊक. कप्प्याच्या तळाला अप्पांनी पेन्सिलनं, त्यांच्या सवयीप्रमाणे, त्या दिवशीची घरची बातमी लिहिली आहे: 'धाकटीचा गोवर उतरला. पेटी पुरी झाली.' खाली सही.

वीस तारखेला तिथेच काकांचा सत्कार आहे. दालनाच्या प्रमुख बाईंना भेटून आले. कप्पा सगळ्यांसमोर उघडायचा, असं मनात आहे. तुझं मत कळव. वहिनींना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझी धाकटी


ता. ९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझी वहिनी म्हणते, हिला चाळिशी लागली आणि चाळीस वर्षांपूर्वीचं बारीक अक्षर दिसायला लागलं.

काका ऐंशीचे आहेत. पाटी बदलायची तर अर्ज कर, बाई गुपचूप बदलतील. भर सभेत म्हाताऱ्याचं नाक कापून अप्पा परत येणार आहेत का?

दुसरी गोष्ट तुला कळणारच, म्हणून मीच सांगतो. संग्रहालयाला घरातल्या कुणाची तरी ग्वाही हवी होती. काका कागद घेऊन आले. त्यांना पेटी घडवताना मी पाहिलं, असं त्यात लिहिलं होतं. मी सही केली. अप्पांच्या माघारी त्यांनीच मला कामाला लावलं, नाही म्हणायला जीभ रेटली नाही. कप्पा उघडलास तर माझंही तोंड काळं होईल. थांब, एवढंच मागतो. राग असला तरी पत्र पाठव.

दादा


ता. १४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

नमस्कार लिहिताना हात आखडला, तरी लिहिला. पुढचं 'वि. वि.' गाळलं आहे, कारण विनंती काही नाही.

तुझं पत्र तीनदा वाचलं. काका परके झाले, त्यांनी चोरलं हे समजू शकते. तू मात्र केसानं गळा कापलास.

बाईंनी पाटी निमूट बदलायची तयारी पहिल्याच भेटीत दाखवली होती. मी नको म्हटलं, आणि हे तुला कळवलं नव्हतं. न्यायच हवा असता तर तेवढ्यानं भागलं असतं. मग स्वतःला विचारलं, तुला अप्पांचं नाव हवंय की काकांचा उतरलेला चेहरा? जे उत्तर आलं त्याची लाज वाटली, पण रात्र गेली तरी ते बदललं नाही. चेहरा हवा आहे. आता दोन चेहरे.

काल काकांचा फोन आला होता. पोरी, पहिल्या रांगेत बस, भाषणात तुझ्या बापाची आठवण काढीन, म्हणाले. मी बरं म्हटलं.

तू ये. वहिनींनाही आण. त्यांच्यावरचा माझा लोभ अभंग आहे, तुझ्यावरचा वीस तारखेनंतर बघू.

धाकटी

(पत्र पाकिटात घातल्यावर, माझ्या वहीत) उद्याचं काम: बाईंना कळवणं, कप्पा मी नाही, दादा उघडेल.