अप्पांची आल्फा

४ ऑक्टोबर २००३, शनिवार

निधी गाडी विकतोय! माझा धाकटा भाऊ. पुण्याहून दसऱ्याला येतो काय, आयुधपूजेला गाडीला झेंडू बांधतो काय, आणि कुंकवाचं बोट पुसता पुसता सांगतो — "अक्का, बेंगळूरचा एक हॉटेलवाला येतोय. हॉलमध्ये शोभेला ठेवणार. इंजिन काढून."

इंजिन काढून!

अप्पा खुर्चीतून बघत होते. फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचाही. तेव्हापासून एक शब्द नाही. त्यांच्यासमोर असं बोलायचं?

७ ऑक्टोबर

धारवाडजवळच्या बेलूरला, कारखान्यात, आज दोन ड्रॉइंग चुकवली. डोक्यात तेच.

१९६७ची आल्फा रोमिओ. धरणाच्या कामावर आलेल्या इटालियन इंजिनियरने मायदेशी परतताना ती अप्पांना दिली, तेव्हा मी सात वर्षांची. धारवाडात सगळ्या अँबॅसिडर नाहीतर फियाट — त्यांत ही बुटकी, दोन दारांची, लाल. बॉनेटची पुढची कड नाकापेक्षा किंचित उचललेली. अप्पा त्या कडेवरून बोट फिरवत सांगायचे, "मधू, शर्यतीत वाढलेलं घराणं हे. गाण्यासारखंच. आधी आवाज ऐक, मग रूप बघ." आणि खरंच! मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या वर गेली की काय मोकळी गाते!

आणि हा तिला मुकी करणार.

अप्पांनी चालवणं सोडल्यावर सहा वर्षं ती ताडपत्रीखाली होती. हुबळीच्या धोंडिबा मिस्त्रींबरोबर रविवार-रविवार बसून कार्ब्युरेटर मी उघडले. तेल माझ्या नखांत. तेव्हा निधी कुठे होता?

८ ऑक्टोबर

भांडलो. कडाकडा.

"तुझी आहे का गाडी?" मी.

"तुझी आहे?" तो. मग एकदम ओरडलाच — "एकोणीस वर्षांचा होतो, अक्का! एकदा दार घासलं. अख्ख्या गल्लीसमोर मारलं मला. पुन्हा किल्लीला हात लावू दिला नाही. नको ती मला डोळ्यांसमोर!"

ठाऊक होतं मला. तरी म्हटलं, "म्हणून आता त्यांना बोलता येत नाही तेव्हा सूड?"

जेवला नाही. नको जेवू!

९ ऑक्टोबर

अबोला.

११ ऑक्टोबर, शनिवार

हॉटेलवाला आला. टायर बुटाने ठोकून बघितलं. बुटाने!

कागद अप्पांच्या नावावर. निधीने शाईचा पॅड आणला, अप्पांचा डावा अंगठा धरला. अप्पांनी मूठ आवळली. हा एकेक बोट सोडवायला लागला. सुटेना! बोटं पांढरी पडली. शेवटी हॉटेलवालाच म्हणाला, "बिडरी. अवरिगे मनसिल्ल." सोडा म्हणाला, त्यांचं मन नाही. परक्याला कळलं, पोटच्या पोराला नाही!

निधी त्याच्याबरोबरच बॅग घेऊन निघाला. अप्पांच्या पाया पडला नाही. माझ्याकडे बघितलं नाही.

जाऊ दे. अप्पा माझ्या बाजूने! इतक्या वर्षांत पहिल्यांदा — माझ्या!

१२ ऑक्टोबर, रविवार

मिस्त्रींनी आणि मी अप्पांना उचलून गाडीत बसवलं. मग आम्ही दोघंच, केलगेरी तळ्याकडे. स्टिअरिंग डावीकडे, म्हणून त्यांचा चालता हात माझ्या बाजूला. रस्ता मोकळा होता. मी वेग वाढवला. तो हात माझ्या मनगटावर आला. ओठ हलले. आठ महिन्यांनी, स्पष्ट —

"निधी... हळू."

त्यांच्या लेखी चाकावर निधी होता. मूठ कोणासाठी आवळली होती ते कळलं — माझ्यासाठी नव्हे.

घरी येऊन पुण्याला फोन लावला. "अप्पा बोलले," म्हटलं. "तुझं नाव घेतलं. ये."