गोष्टीतली भिवंडी

९ जानेवारी १९९६, लिंबायत, सुरत

सकाळी पाणी भरून झाल्यावर लिहायला बसले. मनीने दप्तर उचलता उचलता विचारलं, "आई, फरी... परत तीच यमुना?" पोरगी गुजराती शाळेत जाते, माझं अक्षर तिला धड लागत नाही. ते एक बरंच.

यमुनेची गोष्ट अर्धी, विहिरीची अर्धी. दोन जावांची अर्धी. पोपटाचा रुमाल विणायला घेतला होता, त्या पोपटाला अजून चोच नाही. हे असते तर हसले असते. म्हणायचे, "तुला शेवटाचा कंटाळा." कंटाळा नाही. शेवटी कोणाला तरी जावं लागतं, आणि ह्यांच्यानंतर मला ते लिहवत नाही.

११ जाने.

दुपारी वत्सलाबाईंच्या ओट्यावर साड्यांना टिकल्या चिकटवायला बसलो. हात चालू, तोंड चालू. यमुनेचा पुढचा भाग सांगितला. कागदावर येत नाही ते ओट्यावर बरोबर येतं. हात गुंतलेले असले की मला भीती वाटत नाही.

यमुना म्हणजे सुमन, हे सगळ्यांना माहीत. सुमनलाही. प्लेगच्या वेळी सगळे पळाले तेव्हा तिच्या नवऱ्याने तिला आणि पोरीला, सोनीला, गावच्या गाडीत बसवून दिलं. "मी मागून येतो" म्हणाला. प्लेग सरल्यावर ती परत आली, तो अजून यायचा आहे.

माझ्या गोष्टी अशाच. नावं बदलायची, बाकी जसं घडलं तसं. मागे एका सासूची सांगितली तर वत्सलाबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. "नाव बदललं, पण स्टो माझाच ठेवला!" आता त्याच दुसऱ्यांना बोलावतात, "या गं, लेखिका आली."

लेखिका. चौथीपर्यंत शिकलेली. पुड्यांचे कागद सोडवून वाचायची, तिथून सुरुवात.

१५ जाने.

काल पत्र्यांवर दिवसभर पतंग. "काप्यो छे!" ऐकून कान किटले. माझा विलास रात्री आला. कारखान्याचा शेठ जुने माग विकत घ्यायचे म्हणून त्याला भिवंडीला घेऊन गेला होता. खोकला घेऊन आला. विचारलं, कसं आहे गाव? "इथल्यासारखंच. खडखडाट आणि चहा." त्याच्या बापाला विचारलं असतं तरी एवढंच सांगितलं असतं. मी मात्र ते डोक्यात ठेवलं. यमुनेला उपयोगी पडेल म्हणून.

२० जाने.

हे लिहू की नको.

वत्सलाबाईंकडे हळदीकुंकू होतं. मला बोलावणं नसतं, मी जातही नाही. आज त्यांनी मनीला पाठवलं. "आईला म्हण, गोष्ट तरी सांगायला ये." गेले. दाराशी बसले. वाण वाटलं, कुंकू लावलं, ताट माझ्यापाशी आलं तसं वरून पुढे गेलं. कोणी मुद्दाम केलं नाही. मग त्याच म्हणाल्या, "अशा दाराशी काय, मध्ये बसा." मध्ये बसले.

यमुनेचा नवरा येणार नव्हता. माझ्या मनात पहिल्यापासून तसंच होतं. पण सगळ्या नव्या साड्या नेसून पुढे सरकल्या आणि सुमन माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. "ताई, मंग? उना का तो?"

मी म्हणाले, "उना."

आला. तोंडातून गेलंच. मग थांबता येईना. भिवंडीत होता, मागावर होता, आजारी पडला, लाजेने कळवलं नाही, आपल्या गल्लीतल्याच एका पोराला दिसला, असं एकावर एक. बायकांनी टाळ्या वाजवल्या. वत्सलाबाईंनी डोळे पुसले. सुमन हसली, मी तिचं हसणं विसरलेच होते. मला तिळगूळ दोनदा मिळाला.

घरी आले तोवर बरं वाटत होतं.

२१ जाने.

बरं वाटत नाही. इतकं सगळं मी सुमनसाठी केलं असं रात्री स्वतःला सांगून पाहिलं. खोटं. पुन्हा बोलावतील म्हणून केलं.

२४ जाने.

सुमन वांग्याचं भरीत घेऊन आली. विलास जेवायला बसलेला. त्याच्यासमोर बसून राहिली. "बरा आहेस ना रे? भिवंडीला परत जायचंय का?" तो म्हणाला, "नाही मावशी, माग पटले नाहीत शेठला." ती मान हलवत राहिली, जसं काही त्याने वेगळंच सांगितलं. जाताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. विलास म्हणाला, "हिला काय झालं?"

मला कळलं होतं. न कळल्यासारखं करून भाकरी थापली.

२८ जाने.

सुमनचा भाऊ आला, अमळनेरहून. अंगणवाडीत मदतनिसाची जागा तिच्यासाठी बोलून ठेवली आहे. राहायला त्याच्याच घराची मागची खोली. सोनी मराठी शाळेत जाईल. चांगला माणूस, बोलताना चप्पल काढून उभा राहतो. सुमनने त्याला सांगितलं, "मी नही येस, दादा. तू जाय." कारण सांगत नाही.

मग तो माझ्याकडे. "ताई, तुम्ही वाचणाऱ्या बाई. तुमचं ऐकते ती. महिनाभर सांगत होती येते म्हणून, आता अचानक काय झालं?" मी म्हणाले, "बघते." नजर त्याच्या चपलांवर. तो आठ दिवस थांबवून ठेवेल, मग ती जागा दुसरीला जाईल.

संध्याकाळी वत्सलाबाईंनी उलगडून सांगितलं. सुमन सगळ्यांना म्हणते, कुसुमताई काय उगीच गोष्टी बनवतात का? नाव बदलतात फक्त. गल्लीतलं पोर म्हणजे विलास. भिवंडीत त्याने पाहिलं, आणि लाज राखायची म्हणून ताईंनी गोष्टीतून कळवलं.

मी विचारलं, "तुम्हाला पण तसंच वाटलं?" वत्सलाबाई म्हणाल्या, "मग? खरं नाही?"

३० जाने.

गेले. सोनी झोपली होती. सुमन टिकल्या निवडत होती, रंग रंग वेगळे. मी उभ्या उभ्याच सांगितलं. सुमन, ते मी बनवलं. विलासला कोणी दिसलं नाही. तू भावाबरोबर जा.

तिने मला पाणी दिलं. म्हणाली, "विलासनी शप्पत घाली व्हई तुम्हले."

"कसली शपथ? अगं, खोटं सांगितलं मी."

"ताई, माले बठ्ठं समजस." सगळं समजतं म्हणे, अगदी प्रेमाने. "विलासला वाटत असेल, तिथे दुसरी बाई असेल तर मी सहन करणार नाही. मी करीन. तेवढं त्याला सांगा."

दुसरी बाई मी गोष्टीत घातलीच नव्हती. ती तिने घातली.

इतकी वर्षं खऱ्याला गोष्ट म्हणून खपवलं. आता खरं सांगितलं तर ते

२ फेब्रु.

विलासला सगळं सांगितलं. ताट बाजूला सारलं त्याने. "तुझ्या गोष्टीत मला कशाला घातलं? माणसं काय तुझ्या टिकल्या आहेत, कुठेही चिकटवायला?" बापासारखा आवाज, पण ते मला कधी असं बोलले नाहीत. बोलायला हवे होते कदाचित.

तोच गेला सुमनकडे. लगेच आला. "मी तोंड उघडायच्या आधी मावशीने माझे पाय धरले. मी काय सांगणार?"

मनी गुजरातीत काहीतरी पुटपुटली. विचारलं, काय म्हणालीस? "कंई नहीं." मग मराठीत म्हणाली, "रोज बायका हसायच्या तेव्हा मला बरं वाटायचं, आई." त्याने जास्त लागलं.

४ फेब्रु.

आज टिकल्यांना गेले नाही. गोंदाच्या वासाने नाही, चेहऱ्यांनी नको वाटतं. यमुनेची पानं चुलीपाशी नेली होती. जाळली नाहीत. जाळून सुटका होईल असं वाटलं, म्हणूनच जाळली नाहीत.

सुमनने भांडी विकून गाडीभाडं उभं केलं. पहिली दोन पातेली वत्सलाबाईंनीच घेतली. भिवंडीला जाते आहे, सोनीला घेऊन, एकटी. भावाची मुदत संपत आली. तिला म्हटलं, आधी अमळनेरला जा, जागा घे, मग शोधू, विलासला पाठवते. म्हणाली, "तो आजारी आहे ना, ताई." मी दिलेला आजार.

मी बरोबर जाते म्हटलं. विलास म्हणाला, "तू जाऊन काय करणार?" माहीत नाही. भाऊ विचारेल तेव्हा निदान मी तिथे होते असं म्हणता येईल. भावाला पत्र टाकलं, त्यात सगळं लिहिलं, दोष कोणाचा तेही, आणि जागा अजून थोडी धरून ठेव म्हणून विनंती. पहिल्यांदा काहीतरी शेवटपर्यंत लिहिलं. लगेच पेटीत टाकून आले.

६ फेब्रु., वसई स्टेशन

भिवंडीच्या बसची वाट बघत होतो. सोनी बाकड्यावर झोपली होती, मग उठली. सुमनने नळावर तोंड धुतलं, केस विंचरले, छोट्या आरशात बघून कुंकू नीट केलं. निळी साडी, हळदीकुंकवाचीच. मला म्हणाली, "बरी दिसते ना?" बरी दिसत होती.

गाडीत सगळा वेळ ती बोलत होती. त्याला काय काय बोलणार नाही ते. मी खिडकीतून ताडाची झाडं बघत होते. आयुष्यात भिवंडी पाहिलेली नाही.

मग तिने विचारलं, "उतरल्यावर पहिल्यांदा कोणत्या बाजूला, ताई?"

एक नाव सुचलंही. कुठलीही गल्ली, कुठलाही नाका, दिवस निघून गेला असता. नाही सांगितलं. म्हणाले, "मला माहीत नाही गं सुमन. खरंच माहीत नाही. कधीच माहीत नव्हतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. नेहमीसारखं समजून घेतल्यासारखं नाही. बराच वेळ पाहिलं. कुंकवाची डबी हातातच राहिली होती, ती तिने पिशवीत टाकली.

बस आली. तिने सोनीला आधी चढवलं, मग स्वतः चढली, आणि खिडकीजवळ पिशवी ठेवून माझ्यासाठी जागा धरली.