सहा वेळा पांढरं

जयपूर, ५ ऑक्टोबर २०२५

ती. शालिनीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. मराठी चुकली तर हसू नकोस.

बाबांची भोपाळला बदली झाल्यापासून इथे राजा पार्कातल्या घरात एकटीच राहते, आणि जिवाची नुसती तगमग चाललीय. लॅबमध्ये आम्ही यीस्टच्या, मतलब पाव फुगवतात त्याच्या, एका जनुकाला कात्री लावतो. ती नेमकी बसली की प्लेटमधले पांढरे ठिपके लाल होतात. गणपतीनंतर एकदा झाले. फोटो काढून मी सगळीकडे मिरवले. त्यानंतर सहा वेळा केलं. दर वेळी दोन दिवसांनी बघते तर पांढरेच. प्लेट्स वाफवून फेकते, पुन्हा सुरू. २५ला माझ्या गाइडना, देवदत्त सरांना, दुसऱ्यांदा लाल दाखवता आलं नाही तर वर्षभराचं काम बाद. जुन्याच फोटोवर नवी तारीख घालावी असं मनात येतं. बाबांना सांगू नकोस.

माझ्यावर रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
भार्गवी

सांगली, १२ ऑक्टोबर

चि. भार्गवीस,
अ. उ. आ.

तारीख बदललीस तर माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस. हे आधी लिहिते, म्हणजे बाकीचं नीट वाचशील.

तुझं यीस्ट मला कळत नाही, पण तू कळतेस. गणपतीत मोदक वाफेवर असताना तीनदा झाकण उघडलंस, आठवतं?

एक विचारते. लाल ठिपके गणपतीनंतर दिसले म्हणतेस. त्याआधी पाच दिवस तू माझ्याकडे होतीस. मग त्या बशा दोन दिवसांनी कोणी फेकल्या?

चकलीची भाजणी दळून ठेवलीय. जमलं तर ये, आणि म्हातारीवरचा लोभ आटू देऊ नकोस.

शालिनीआत्या

जयपूर, २६ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र १७ला मिळालं आणि मी जिन्यातच बसले. त्या प्लेट्स कोणीच फेकल्या नव्हत्या.

त्याच दिवशी नव्या लावल्या आणि प्लेट्स ठेवतो त्या उबदार कपाटाची किल्ली लॅबमधल्या शर्वरीला दिली. बजावलं, मी मागितली तरी देऊ नकोस. दोनदा मागितली. तिने दिली नाही.

काल सरांसमोरच कपाट उघडलं. लाल! सर म्हणाले, रंग चढायला चार-पाच दिवस लागतात, कुणालाही विचारलं असतंस तरी कळलं असतं. मी एकदाच यश मिरवलं होतं ना, मग विचारायची लाज वाटत होती. फोटोचा विचार मनात आला होता, तेही सांगून टाकलं. मग प्लेटवर कालची तारीख त्यांनी स्वतःच्या हाताने घातली.

आनंद झाला, पण घरी येऊन रडले. आत्या, सहा वेळा बरोबर आलेलं काम मी माझ्याच हातांनी वाफवून फेकलं गं.

आता धीर धरायला शिकतेय. लोभ आहेच, उत्तर मात्र लगेच पाठव.

तुझी,
भार्गवी