मधल्या खोलीतली हाक

मार्गशीर्ष शु. ३, शके १८४१
पालीत सामान लावलं. ह्यांची गिरदावर म्हणून, महसुलाच्या कामावर, इथं बदली झाली. घर लगेच मिळालं, कारण गावात ते कुणी मागत नाही. दगडी, बसकं, मधली खोली भर दुपारीही अंधारी. तिथल्या भिंतीला कमरेपर्यंत निळे डाग आहेत, कितीही घासा.
आमच्या लेकीला, द्वारकीला, जाऊन वर्ष उलटलं. मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली, सात वर्षांची. ह्यांच्यासमोर तिचं नाव काढायचं नाही, असं आपोआपच ठरलंय.

मार्ग. शु. ८
समोरच्या आमिनाबी आल्या. आधी ह्याच घरात राहायच्या.
"घर कवाचं हाय, कुनालाच ठावं न्हाई. पैले रोहिला जमादार होता. मंग हरिबा रंगारी, ते निळं त्याचंच. मंग आमी."
"सोडलंत का?"
सांगू की नको, असं त्यांना झालं. मग सांगितलं. दुपारी मधल्या खोलीतून हाक येते. जमादाराला त्याच्या मारल्या गेलेल्या भावाची यायची. हरिबाला पहिल्या बायकोची. "मला माझ्या चाँदबीची. बाळंतपनात गेलती भैन माझी. रोज हाक मारायची. आमच्या घरवाल्यानं सामान उचललं."
"कुणाचीही येते?"
"मेलेल्याचीच, बाई. जित्या मानसाची कदी न्हाई."
भीती वाटायला हवी होती. त्या गेल्यावर मी आत जाऊन बसले.

मार्ग. शु. ९
काही नाही.

मार्ग. शु. १२
काही नाही. चुलीवरचं पिठलं मात्र करपलं.

मार्ग. व. २
दुपारी हे अचानक आले, दप्तर घ्यायला मधल्या खोलीत गेले. मी ओसरीवर ज्वारी निवडत होते. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात. जाऊन पाहिलं — भिंतीला कपाळ टेकून उभे, खांदे हलताहेत.
"काय झालं?"
"काही नाही. डोळ्यात कचरा गेला."
मी तिथंच होते. मला काहीच ऐकू आलं नाही.

मार्ग. व. ६
आता रोज दुपारी येतात. जेवणाचं निमित्त. आज विचारलंच — "द्वारकी येते ना?"
वर्षभरात तिचं नाव आमच्या दोघांत पहिल्यांदा आलं. ह्यांनी भाकरी खाली ठेवली. मग म्हणाले, "अप्पा म्हणते. एकदाच. मग गप्प."
तापात तीन दिवस ती तेवढंच विचारत होती — अप्पा कुठंय. हे दौऱ्यावर होते. आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. उशाशी मी होते. पाणी मी पाजलं, पट्ट्या मी बदलल्या. आणि हाक ह्यांना.
लिहायलाही लाज वाटते. पण आज मी न जेवताच उठले.

मार्ग. व. १०
हे म्हणाले, "बीडला घर पाहिलंय. जाऊ या. मला आता सोसत नाही."
मी नाही म्हटलं. "मला एकदा ऐकू येऊ दे. मग तुम्ही न्याल तिथं येते."
"तू तर तिच्याजवळच होतीस. तुला कशाला हाक मारील ती?"
रागानं नाही, समजुतीनं बोलले. तरी मी हट्ट सोडला नाही. शेवटी म्हणाले, "बरं. संक्रांतीपर्यंत."

पौष शु. १
हे पिकांच्या पाहणीला लिंबागणेशकडे गेले. घोडं घेऊन. चार-पाच दिवस लागतील. जाताना म्हणाले, "दुपारचं आत बसू नकोस."

पौष शु. २
बसले. काही नाही.

पौष शु. ४
आज हाक आली. माझं नाव घेऊन, अगदी कानाशी. द्वारकीची नव्हे. पुरुषाचा आवाज. ह्यांचा.
"लिंबागणेशहून आलोय," असं दाराबाहेरून कुणी माणूस सांगतोय. कधीचा कडी वाजवतोय. मी अजून उठले नाही.