अण्णांनी नको म्हटलेलं औषध

१२ जाने. २००३, जुन्नर
लघवी पुन्हा लाल. बीट खाल्लेलं नाही. सौ.ला सांगितलं नाही. मागच्या पावसाळ्यात पुण्याला ‘खडा’ काढला. बघायला मागितला, तर अण्णा म्हणाले, “देव्हाऱ्यात ठिवायचाय का?” थोरल्या भावाशी वाद घालत नाही. उद्या त्यांच्याबरोबरच पुण्याला. मढच्या रस्त्याची बातमी पेपरला पाठवायची राहिली.

१३ जाने.
दुर्बीण घातली. अण्णा चहाला गेलेले. डॉ. म्हणाले, “गाठ परत आलीय.” म्हटलं, परत म्हणजे? त्यांनी जुनी फाईल उघडली. मग सगळंच बोलले. खडा नव्हताच. मूत्राशयाचा कॅन्सर. (काय प्रशस्त शब्द. जलाशयाचा धाकटा भाऊ.) गाठ वरवरची होती, खरवडून काढली. ती पुन्हा उगवू नये म्हणून ऑपरेशनच्या टेबलावरच आत केमोचं औषध सोडणार होते. अण्णा नको म्हणाले.
“दिलं असतं तर आली नसती?”
“शक्यता कमी झाली असती. खात्री नाही.”
अण्णा आल्यावर त्यांना एवढंच सांगितलं, पुन्हा खरवडावं लागेल.
तालुक्यातल्या सगळ्यांच्या बातम्या मी देतो. माझी तेवढी सुटली. तरीच तेव्हा सरपंच सफरचंदं घेऊन आले होते! खड्याला कोण सफरचंदं आणतं?
परतताना वाटेत पेठला अण्णांनी शेंगा घेतल्या. सोलून दाणे माझ्या हातावर ठेवत होते. विचारलं नाही.

१६ जाने., राजुरी
विचारलं. अण्णा त्यांच्या गोठ्यात धार काढत होते.
“डाक्टर म्हनला, क्यान्सरचं औषध सोडतो. तू पडला पंडित. सलाइनची बाटलीबी वाचतोस. नाव वाचलं असतंस म्हंजी? आपल्या बापाला त्येच्या क्यान्सरचं सांगितलं, तर त्यानं जेवनच सोडलं व्हतं.”
“औषध कशासाठी, ते विचारलंत?”
“नाव ऐकलं अन् फुडचं काय ऐकूच आलं न्हाई.” धार थांबली. “का रं? त्येनं काय बिघडलं का?”
“दूध सांडतंय, अण्णा.”
सांडत नव्हतं.
रागवायचं ठरवून गेलो होतो. खरवस खाऊन आलो.

२७ जाने., पुणे, दवाखाना
या खेपेला सही माझी. औषध टेबलावरच सोडणार. जांभळट असतं म्हणे, तासभर आत धरून ठेवायचं. डॉ.ना म्हटलं, वार्ताहराला काही आत धरून ठेवणं अवघड. ते हसले. अण्णा हसले नाहीत. डॉ. समजावत होते तेव्हा या खेपेला शेवटपर्यंत ऐकत उभे होते.
आता कॉटशेजारी मोसंबं सोलतायत. ऑपरेशनआधी मला काही खायचं नाही हे माहीत असून. मग:
“पंडित, मागल्या टायमाला नको म्हनलो, ते हेच व्हतं का रं?”
पिशवीत टॉवेल शोधायला लागलो. तळापर्यंत.
“टावेल तुझ्या खांद्यावं हाय,” म्हणाले.
सिस्टर बोलवायला आल्या. म्हटलं, आलोच. अण्णांनी मोसंब्याच्या फोडी रुमालात बांधल्या, आणि अजून माझ्याकडेच बघतायत.